फेकणाऱ्या हाताभोवतीचे कवच

अमेरिकन फुटबॉलच्या नावात पाय असला, तरी या खेळाचा सारा डोलारा एका खेळाडूच्या हातावर उभा असतो आणि त्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. अकरा विरुद्ध अकरा अशा या सामन्यात ज्या संघाकडे चेंडू असतो, त्याला दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. प्रत्येक संधीच्या आरंभी मधला खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो क्वार्टरबॅकच्या हाती येतो, आणि पुढच्या अडीच-तीन सेकंदांत त्याला स्वतः पळायचे, दुसऱ्याच्या हाती चेंडू सोपवायचा, की दूरवर धावणाऱ्या सहकाऱ्याकडे तो फेकायचा, हे ठरवून करूनही दाखवावे लागते. फेकताना त्याची नजर वीस-तीस यार्डांपलीकडे असते, हात कानामागे गेलेला असतो, बरगड्या उघड्या पडलेल्या असतात आणि अंगाचा भार पुढच्या पायावर आलेला असतो. नेमक्या त्याच क्षणी सव्वाशे किलो वजनाचा एखादा बचावपटू, ज्याला त्याने धड पाहिलेलेही नसते, त्याच्यावर येऊन आदळतो. चेंडू सुटण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला असे पाडले, तर त्यास ‘सॅक’ म्हणतात. लॉस एंजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्स याने १९६० च्या दशकात हा शब्द रूढ केला, तरी नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक संघटनेने, सॅकची खेळाडूवार अधिकृत नोंद ठेवायला प्रारंभ केला तो १९८२ मध्ये.

या आदळण्याची मर्यादा ठरवणाऱ्या नियमाला ‘रफिंग द पासर’ म्हणतात. मराठीत त्याला ‘फेकणाऱ्याशी केलेली दांडगाई’ म्हणता येईल. पंचाला अशी दांडगाई दिसली की तो पिवळा झेंडा मैदानावर टाकतो, आक्रमक संघाला पंधरा यार्ड फुकट मिळतात, आणि त्याखेरीज चार संधींचा नवा डाव आपोआप सुरू होतो. एनएफएलमधील सामन्यांचे निकाल बहुधा थोडक्या गुणांनी लागत असल्याने एक झेंडा पूर्ण सामना फिरवू शकतो, आणि म्हणूनच गेली काही वर्षे अमेरिकेत हा वाद हंगामागून हंगाम पेटता राहिला आहे, की क्वार्टरबॅकला नियमांनी इतके जपले आहे की त्याला हात लावणेच गुन्हा होऊन बसले आहे.

नियमाचा मजकूर पाहिला तर त्यात चार वेगवेगळ्या मनाया एकत्र आलेल्या दिसतात. फेकणाऱ्याच्या डोक्यावर किंवा मानेवर जोरदार आघात करता येत नाही. गुडघ्यावर वा त्याखाली धडक मारता येत नाही. चेंडू हातातून सुटल्यावर बचावपटूला ओघात एक पाऊल टाकण्याची मुभा असते, दुसऱ्या पावलानंतर दिलेली धडक गुन्हा ठरते. आणि त्याला पाडताना आपल्या शरीराचे सगळे किंवा बहुतेक वजन त्याच्यावर टाकता येत नाही. यांपैकी गुडघ्याचे आणि एका पावलाचे संरक्षण क्वार्टरबॅक ‘पॉकेट’मध्ये असेपर्यंतच मिळते. पॉकेट म्हणजे त्याच्या रक्षणासाठी उभ्या असलेल्या पाच धिप्पाड खेळाडूंच्या आडोशाने तयार झालेली जागा. ती सोडून तो पळू लागला की ही दोन कवचे गळून पडतात, बाकीची राहतात.

नियमपुस्तकातील सर्वांत बोलके वाक्य मात्र या चार मनायांच्या बाहेरचे आहे. दांडगाई झाली की नाही याविषयी पंचाला संशय असेल, तर त्याने नेहमी दांडगाई झाली असेच धरावे, अशी स्पष्ट सूचना त्यात दिलेली आहे. क्रिकेट पाहणाऱ्या वाचकाला शंकेचा फायदा ही कल्पना परिचित आहे. पंचाची खात्री नसेल तर फलंदाज नाबाद राहतो, कारण बाद होणे ही शिक्षा आहे आणि शिक्षेसाठी खात्री लागते. येथे शिक्षा होते बचावपटूला आणि शंकेचा फायदा मिळतो त्याच्या प्रतिपक्षाला. म्हणजे चुका होणारच हे नियमकर्त्यांना ठाऊक होते आणि त्या कोणाच्या पदरी घालायच्या, हे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते. क्वार्टरबॅकला ‘अति’ संरक्षण आहे काय, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका सूचनेत सापडते.

चेंडू पुढे फेकणे हीच मुळात सुरक्षेची उपाययोजना होती, हे आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे हातात हात गुंफून, कळप करून समोरच्या कळपावर तुटून पडण्याचा खेळ होता. १९०५ च्या हंगामात, वृत्तपत्रांनी त्या वेळी केलेल्या मोजणीनुसार, अठरा जणांचा मृत्यू झाला. त्याच हंगामात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास बजावले, आणि १९०६ मध्ये झालेल्या नियमबदलांत पुढे चेंडू फेकण्यास मान्यता मिळाली. मैदानाच्या मधोमध साचलेली गर्दी पांगावी, माणसे एकमेकांपासून दूर जावीत, हा त्यामागचा एक हेतू होता. गर्दी पांगली खरी. पण फेकणारा माणूस मात्र एका जागी उघडा उभा राहिला. एनएफएलने १९३८ मध्ये त्याच्यासाठी पंधरा यार्डांच्या दंडाची तरतूद केली, म्हणजे पहिल्या सुधारणेने निर्माण केलेल्या धोक्यावर दुसरी सुधारणा करावी लागली.

त्यानंतरची चाळीस वर्षे या नियमाचा धाक फारसा नव्हता. १९६४ मध्ये पिट्सबर्गच्या मैदानावर टिपलेले, न्यू यॉर्क जायंट्सचा क्वार्टरबॅक वाय. ए. टिटल गुडघ्यांवर बसलेला आणि टकलावरून रक्ताचे ओघळ उतरलेले छायाचित्र त्या काळाची खूण म्हणून आजही छापले जाते. परिस्थिती पालटली ती करुणेने कमी आणि गुणफलकाने अधिक. १९७७ च्या हंगामात संघाची एका सामन्यातील सरासरी १७.२ गुणांवर घसरली. १९४२ नंतर इतके कोरडे सामने झाले नव्हते. दूरचित्रवाणीवर असे सामने विकणे अवघड असल्याने १९७८ मध्ये चेंडू झेलणाऱ्यांना पाच यार्डांपलीकडे धक्के देण्यावर बंदी आली आणि क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्यांना हात पसरून, उघड्या पंजांनी अडवण्याची मुभा मिळाली. १९७९ मध्ये आणखी एक तरतूद झाली: क्वार्टरबॅक बचावपटूच्या मिठीत पूर्ण सापडला, की तो जमिनीवर पडण्याची वाट न पाहता पंचाने शिटी वाजवावी. हे सारे बदल सुरक्षेच्या आणि रंजकतेच्या सीमेवरचे होते आणि ती सीमा त्यानंतर कधीच स्पष्ट झाली नाही. १९८४ मध्ये मायामीच्या डॅन मरिनोने एका हंगामात फेकीने मिळवलेले ५,०८४ यार्ड हा विक्रम अचाट मानला गेला आणि सत्तावीस वर्षे टिकला. २०११ मध्ये तो एकाच हंगामात दोघांनी, ड्रू ब्रीझ आणि टॉम ब्रेडी यांनी, मोडला.

एकविसाव्या शतकातील नियमांचा इतिहास तर जायबंदी झालेल्या नामवंतांची यादी वाचावी तसा वाचता येतो. जानेवारी २००६ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सचा कार्सन पामर बाद फेरीच्या सामन्यातील आपली पहिलीच फेक करत असताना पिट्सबर्गचा किमो व्हॉन ओलहॉफन त्याच्या गुडघ्यावर आदळला आणि सांध्याचे अस्थिबंध तुटले. त्याच वर्षी गुडघ्याखालच्या धडकेचा नियम कडक झाला. सप्टेंबर २००८ मध्ये, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, जमिनीवर पडलेल्या बर्नार्ड पोलार्डने झेप घेऊन टॉम ब्रेडीच्या पायावर धडक दिली आणि न्यू इंग्लंडचा हा तारा उरलेल्या हंगामाला मुकला. २००९ मध्ये जमिनीवरून क्वार्टरबॅकच्या पायांवर झेपावणे निषिद्ध ठरले आणि लोकांनी त्याला ‘ब्रेडी नियम’ असे नावच देऊन टाकले. ऑक्टोबर २०१७ मध्ये मिनेसोटाचा अँथनी बार ग्रीन बेच्या ॲरन रॉजर्सच्या अंगावर पडला आणि रॉजर्सच्या फेकीच्या बाजूचे गळपट्टीचे हाड मोडले. अंगावर भार टाकू नये हा मजकूर नियमात पूर्वीपासून होता. परंतु २०१८ च्या हंगामात त्याची अंमलबजावणी कसोशीने करण्याचे आदेश निघाले. याउलट १९८५ मध्ये लॉरेन्स टेलरने पाडताना वॉशिंग्टनच्या जो थाइसमनच्या पायाचे हाड गुडघ्याखाली मोडून कातडीबाहेर आले, त्याची कारकीर्द त्याच क्षणी संपली, पण त्याच्या नावाचा नियम झाला नाही. ती धडक कायदेशीर होती आणि कायदेशीरच राहिली.

२०१८ च्या त्या आदेशाने बचावपटूंची जी अवस्था झाली, तीवरून आजचा वाद समजून घेणे सोपे जाते. ग्रीन बेचा क्ले मॅथ्यूज हंगामाच्या पहिल्या तीनही सामन्यांत दंडास पात्र ठरला. मिनेसोटाविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात तर त्याच्या सहकाऱ्याने चेंडू मध्येच हिसकावून विजय जवळपास निश्चित केला होता, पण मॅथ्यूजने कर्क कझिन्सला पाडल्याबद्दल झेंडा पडला, चेंडू परत गेला आणि सामना २९-२९ असा बरोबरीत सुटला. त्यानंतरच्याच आठवड्यात मायामीचा विल्यम हेज ओकलंडच्या डेरेक कारला पाडताना, आपला भार त्याच्यावर पडू नये म्हणून अंग वळवू गेला आणि त्याच्या स्वतःच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटून तो पूर्ण हंगामाला मुकला. एकाचे हाड वाचवण्यासाठी केलेल्या नियमात दुसऱ्याचा गुडघा गेला, आणि या दुसऱ्या गुडघ्यासाठी कोणी नियम केला नाही.

येथे थोडे गणित उपयोगी पडते. सरावलेल्या माणसालाही डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर शरीराने प्रतिसाद द्यायला साधारण पाव सेकंद लागतो. सेकंदाला सात मीटर वेगाने येणारा बचावपटू तेवढ्या वेळात पावणेदोन मीटर पुढे आलेला असतो. म्हणजे क्वार्टरबॅकच्या हातातून चेंडू सुटल्याचे त्याला दिसते, तेव्हा स्वतःला थांबवणे त्याच्या हातात राहिलेले नसते. त्यातच समोरचा माणूस स्थिर नसतो; तो डोके खाली घेतो, गुडघे वाकवतो, आणि छातीवर नेम धरून आलेला हात शिरस्त्राणाला लागतो. डोक्यावरील आघाताच्या बाबतीत हेतू विचारात घेतला जात नाही, केवळ संपर्क पाहिला जातो. नियमाला हवी असलेली हालचाल काही प्रसंगी मानवी शरीराला करताच येत नाही, ही बचावपटूंची तक्रार अवास्तव नाही.

ऑक्टोबर २०२२ मधील दोन प्रसंगांनी ही तक्रार प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. ९ तारखेला अटलांटा फाल्कन्स ताम्पा बेविरुद्ध १५-२१ असा मागे असताना, शेवटची तीन मिनिटे उरलेली असताना, अटलांटाच्या ग्रेडी जॅरेटने ताम्पा बेच्या टॉम ब्रेडीला कमरेला धरून फिरवून खाली आणले. कुस्ती पाहणाऱ्या कोणालाही तो साधा डाव वाटला असता. मुख्य पंच जेरोम बोगर यांनी तो अनावश्यकपणे जमिनीवर आपटण्याचा प्रकार ठरवला, आणि ज्या चेंडूवर अटलांटाला अखेरची संधी मिळाली असती, तो ताम्पा बेकडेच राहिला. दुसऱ्याच रात्री कॅन्सस सिटीच्या ख्रिस जोन्सने डेरेक कारच्या हातातून चेंडूच काढून घेतला, एक हात जमिनीवर टेकवून स्वतःला सावरण्याचा प्रयत्नही केला, तरी भार टाकल्याचा झेंडा पडला. चेंडू प्रत्यक्षात जोन्सच्या हातात असताना कारला ‘फेकणारा’ म्हणून संरक्षण मिळाले, ही विसंगती कोणत्याही टीकाकारापेक्षा अधिक बोलकी होती. त्या सामन्याचे समालोचन करणारा ट्रॉय एकमन यानेही नियमकर्त्यांवर टीका केली. ती करताना त्याने वापरलेला स्त्रियांना कमी लेखणारा शेरा अनुचित होता आणि ते त्याने पुढे मान्यही केले. मात्र एकमन स्वतः डॅलसचा क्वार्टरबॅक होता आणि डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांचाही त्याची कारकीर्द लवकर संपण्यात वाटा होता. कवच जड झाले आहे असे म्हणणारा माणूस कवचाअभावी जायबंदी झालेल्यांपैकीच एक असावा, हा या वादातील गुंता आहे.

या दोन झेंड्यांच्या मागे जेमतेम दहा दिवसांपूर्वीची एक घटना उभी होती. २५ सप्टेंबरला मायामीचा क्वार्टरबॅक तुआ टॅगोवायलोआ डोके जमिनीवर आपटल्यावर उभा राहताना अडखळला, तरी तो पुन्हा मैदानात उतरला. चार दिवसांनी, गुरुवारी रात्री, सिनसिनाटीच्या जॉश टूपूने त्याला फिरवून पाडले आणि त्याचे डोके पुन्हा जमिनीवर आदळले. त्याची बोटे ताठरून वाकडी झालेली दृश्ये देशभर पाहिली गेली. त्या धडकेवर झेंडा पडला नव्हता. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने घाईने तपासणीचे निकष बदलून तोल जाणे हे एकच लक्षण खेळाडूला बाहेर बसवण्यास पुरेसे ठरवले. पंचांना कडक होण्याचा कोणताही नवा आदेश दिलेला नाही, असे लीगने सांगितले. आदेश नसेलही, पण पंचही तीच दृश्ये पाहत होते.

या घटनेत नियमाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवादही दडलेला आहे. क्वार्टरबॅकच्या मेंदूला होणाऱ्या इजांचा मोठा वाटा शिरस्त्राण शिरस्त्राणावर आदळल्याने नव्हे, तर डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटल्याने निर्माण होतो. त्यासाठी २०२३ मध्ये क्वार्टरबॅकसाठी निराळे शिरस्त्राणही बाजारात आले. मागे पडणाऱ्या माणसावर सव्वाशे किलोंची भर पडली, तर त्याचे डोके अधिक वेगाने जमिनीकडे जाते. म्हणून भार टाकण्याची मनाई, कितीही हास्यास्पद दिसली, तरी तिच्यामागे शरीरशास्त्र आहे. जे क्वार्टरबॅक नाहीत त्यांना पडताना निदान हात टेकता येतात, अंग चोरता येते. फेकीच्या मध्यावर असलेल्याला ती सोय नसते. चेंडू झेलण्यासाठी हवेत उडालेला खेळाडू आणि चेंडूला लाथ मारणारा खेळाडू यांनाही नियमपुस्तकाने याच कारणासाठी ‘असहाय’ अवस्थेतील खेळाडू मानले आहे. तेव्हा हे संरक्षण फक्त एकाच लाडक्याला मिळते, हा आरोप जसाच्या तसा खरा नाही.

तो खरा ठरतो निराळ्या अर्थाने. एनएफएलवर मेंदूच्या इजांचे जे सावट आहे, ते पिट्सबर्गच्या माइक वेब्स्टरपासून पसरत गेले. वेब्स्टर क्वार्टरबॅक नव्हता. तो क्वार्टरबॅकला चेंडू मागे देणारा आणि त्याच्यासाठी अंगावर धडका झेलणारा मधला खेळाडू होता. २००२ मध्ये, पन्नाशीत, तो वारला. बेनेट ओमालू या विकृतिशास्त्रज्ञाला त्याच्या मेंदूत सीटीई या विकाराची लक्षणे आढळली आणि २००५ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सीटीई म्हणजे वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे मेंदूच्या पेशींत एक विशिष्ट प्रथिन साचत जाऊन स्मृती, स्वभाव आणि विवेक यांचा हळूहळू ऱ्हास होणे. त्याचे निश्चित निदान अजूनही मृत्यूनंतरच होते. २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलेल्या एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये तो आढळला. मेंदू दान करणारी कुटुंबे बहुधा आधीच संशय घेऊन आलेली असल्याने हा आकडा सर्व खेळाडूंना लागू करता येत नाही, परंतु तो दुर्लक्षिताही येत नाही. ओकलंडचा नामांकित क्वार्टरबॅक केन स्टॅबलर यालाही हा विकार असल्याचे मृत्यूनंतर उघड झाले. तथापि शिरस्त्राणात संवेदक बसवून महाविद्यालयीन खेळाडूंवर केलेल्या मोजणीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: डोक्याला सर्वाधिक वेळा धक्के बसतात ते दोन्ही बाजूंच्या पहिल्या फळीतल्या खेळाडूंना, क्वार्टरबॅकला बसणारे धक्के संख्येने थोडे आणि जोराने मोठे असतात. फळीतल्या खेळाडूचे धक्के छोटे, दर संधीला बसणारे आणि पूर्णतः कायदेशीर असतात. त्यांच्यावर झेंडा पडत नाही, कारण झेंडा टाकायचा तर दर खेपेला टाकावा लागेल आणि खेळच उरणार नाही.

लीगला हे ठाऊक नाही असे नव्हे. २०२२ मध्ये तिने सरावाच्या काळात शिरस्त्राणावर ‘गार्डियन कॅप’ नावाचे मऊ, फुगीर आवरण घालण्याची सक्ती केली, ती प्रथम दोन्ही फळ्यांतील खेळाडू, टाइट एंड आणि लाइनबॅकर या धडकाधडकीच्या जागांवर खेळणाऱ्यांना; पुढे ती इतरांनाही लागू झाली, परंतु क्वार्टरबॅक आणि चेंडू लाथाडणारे खेळाडू तिच्यातून वगळलेलेच राहिले. कारण सरळ आहे: सरावात क्वार्टरबॅक लाल किंवा तशाच वेगळ्या रंगाचा सदरा घालतो आणि त्या सदऱ्याला कोणी हात लावत नाही. धोक्याचा खरा नकाशा नियमपुस्तकात नसून या मऊ टोप्यांच्या वाटपात आहे. त्याच नकाशाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक विसंगती आढळते: क्वार्टरबॅकच्या गुडघ्याला धडक बसली तर पंधरा यार्ड जातात, पण त्याच्या बाजूच्या रक्षकाला फळीच्या आतल्या भागात, विशिष्ट अटींवर, धावत येणाऱ्या बचावपटूच्या कमरेखाली लोटांगण घालून त्याचे पाय काढून घेण्याची मुभा अद्याप आहे.

मग एवढी काळजी एकाच जागेची का, याचे उत्तर पैशात आहे आणि ते कोणी फारसे लपवतही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये डॅलसने डॅक प्रेस्कॉटशी वर्षाला सरासरी सहा कोटी डॉलरचा करार केला. त्या वर्षी एका संघाने आपल्या सर्व खेळाडूंवर मिळून खर्च करायची कमाल मर्यादा २५.५४ कोटी डॉलर होती. पन्नासहून अधिक खेळाडूंच्या ताफ्यात एकाच माणसाच्या कराराचा आकडा मर्यादेच्या पाव हिश्श्याजवळ जात असेल, तर त्याचे हाड हा संघाचा सर्वांत महागडा ऐवज होतो. त्याच्या नावावर सामने प्रक्षेपणाच्या मोक्याच्या वेळी लावले जातात, आणि २०२१ मध्ये झालेले अकरा वर्षांचे प्रक्षेपण करार सुमारे अकरा हजार कोटी डॉलरचे आहेत. २०२३ मध्ये न्यू यॉर्क जेट्ससाठी पहिल्याच सामन्यात चौथ्या संधीला ॲरन रॉजर्सच्या टाचेचा स्नायुबंध तुटला तेव्हा त्या संघाचा हंगाम, आणि त्याच्याभोवती आखलेले वेळापत्रकही, एका सायंकाळी पोकळ झाले. त्या सॅकमध्ये कोणताही नियमभंग झालेला नव्हता. सुरक्षा हाच एकमेव हेतू असता, तर याच लीगने २०२१ मध्ये हंगामातील सामने सोळावरून सतरा केले नसते आणि रविवारी खेळलेल्या माणसांना गुरुवारी पुन्हा उतरवले नसते.

क्रिकेटशी केलेली तुलना येथे वेगळ्या बाजूने उपयोगी पडते. क्रिकेटच्या कायद्यात उसळत्या चेंडूचा मारा धोकादायक आहे की नाही हे ठरवताना पंचाने फलंदाजाचे कौशल्यही विचारात घ्यावे अशी तरतूद आहे, म्हणजे शेपटाकडच्या अकराव्या खेळाडूला सलामीच्या फलंदाजापेक्षा अधिक कनवाळू पंच मिळतो. संरक्षण दुबळ्याकडे झुकते. एनएफएलमध्ये ते संघातील सर्वांत कुशल आणि सर्वांत महागड्या माणसाकडे झुकते. दोन्ही नियम आपापल्या जागी समजण्याजोगे आहेत, पण दोन्हींना एकाच अर्थाने ‘सुरक्षा’ म्हणणे अवघड आहे.

आणि ज्याला लाडावलेले म्हटले जाते त्या क्वार्टरबॅकलाही हे कवच नेहमी मिळते असे नाही. नियम जपतो ती फेकण्याची कृती. माणसाला तो तेवढ्यापुरताच जपतो. उंच, दणकट आणि स्वतः पळण्यात तरबेज असलेल्या कॅरोलायनाच्या कॅम न्यूटनने हे पुरेपूर अनुभवले. २०१६ च्या पहिल्या सामन्यात डेनव्हरच्या बचावपटूंनी त्याच्या डोक्यावर वारंवार आघात केले आणि त्यांतील बहुतेकांवर शिक्षा झाली नाही. त्याच हंगामात त्याने मैदानावर आपल्याला सुरक्षित वाटत नाही असे जाहीरपणे सांगितले. पॉकेटमध्ये उभा राहणारा सडपातळ क्वार्टरबॅक डोळ्यांसमोर ठेवून घडलेला नियम धावणाऱ्या, भारदस्त क्वार्टरबॅकच्या अंगाला नीट बसत नाही, आणि पळणारे क्वार्टरबॅक आता अपवाद राहिलेले नाहीत.

धावताना त्याच्यासाठी एकच पळवाट असते, ती म्हणजे पाय पुढे करून घसरणे. घसरायला सुरुवात करताच त्याने शरणागती पत्करली असे धरून बचावपटूने थांबावे, अशी अपेक्षा असते. या सवलतीचा गैरवापर व्हायला वेळ लागला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या केनी पिकेटने घसरण्याची हूल दिली, बचावपटू आपोआप सैल पडले आणि तो थेट गोलरेषेपलीकडे गेला; महाविद्यालयीन संघटनेने तत्काळ अशा हुलीवर बंदी आणली. जानेवारी २०२५ मध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या बाद फेरीत पॅट्रिक माहोम्सने शेवटच्या क्षणी घसरून मिळवलेल्या झेंड्यावर समालोचनाच्या कक्षातून ट्रॉय एकमनने पुन्हा कडक नापसंती व्यक्त केली. पण त्याआधी दीडच महिना, डिसेंबर २०२४ मध्ये, घसरत असलेल्या ट्रेव्हर लॉरेन्सच्या डोक्यावर ह्यूस्टनच्याच अझीझ अल-शाईरने कोपरासह इतका जबर आघात केला होता की लॉरेन्सला गाडीवरून न्यावे लागले आणि अल-शाईरवर तीन सामन्यांची बंदी आली. ज्याला पहिला प्रसंग आठवतो तो नियम सैल करा म्हणतो आणि ज्याला दुसरा आठवतो तो आवळा म्हणतो. प्रत्यक्षात दोन्ही प्रसंगी प्रश्न नियमाच्या मजकुराचा नव्हता, तर दृश्य नीट पाहण्याचा होता.

म्हणूनच मनाया कमी करण्यापेक्षा संशयाची ती सूचना बदलणे अधिक न्याय्य वाटते. मुख्य पंच क्वार्टरबॅकच्या मागे उभा असतो. एका डोळ्याने चेंडू सुटण्याचा क्षण आणि दुसऱ्याने धडकेची जागा पाहण्याचे काम त्याला पूर्ण वेगात करावे लागते, आणि प्रेक्षकांनी सहा कोनांतून संथ गतीने पाहिलेले दृश्य त्याने एकदाच पाहिलेले असते. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये डोके लक्ष्य करून मारलेल्या धडकेचा प्रत्येक निर्णय चित्रफितीवर तपासला जातो आणि चुकीचा असेल तर फिरवलाही जातो. एनएफएलमध्ये फेकणाऱ्याशी झालेल्या दांडगाईचे निर्णय अशाच पुनरावलोकनाखाली आणण्याचा लॉस एंजेलिस रॅम्सचा प्रस्ताव २०२३ मध्ये संघमालकांपुढे आला आणि तो संमत झाला नाही. सामना लांबेल, निर्णय शेवटी मताचाच राहील, हे आक्षेप खोटे नाहीत. पण जेथे चूक कोणाच्या पदरी घालायची हे आधीच ठरलेले असते, तेथे ती चूक दुरुस्त करण्याची घाई कोणाला नसते.

१२ सप्टेंबर २०२४ रोजी, पुन्हा एका गुरुवारी रात्री, तुआ टॅगोवायलोआ चेंडू हाती घेऊन स्वतः धावला. तो घसरला नाही. डोके खाली घालून बफेलोच्या डॅमार हॅम्लिनवर आदळला आणि त्याला तिसऱ्यांदा मेंदूची इजा झाल्याचे निदान झाले. त्या क्षणी तो फेकणारा नव्हता, धावणारा होता. झेंडा पडला नाही आणि पडायचे कारणही नव्हते. चार सामने बाहेर बसून ऑक्टोबरच्या अखेरीस तो परतला. ते मऊ आवरण सामन्यातही वापरण्याची परवानगी लीगने त्याच हंगामापासून दिलेली होती. ते घालणार काय, असे विचारले असता तो ‘नाही’ म्हणाला, आणि हा आपला वैयक्तिक निर्णय असल्याचे त्याने सांगितले.